आरी यान हागेन-स्मिट

आरी यान हागेन-स्मिट (जन्म : २२ डिसेंबर १९००, उट्रेख्त, नेदरलँड्स, मृत्यू : १७ मार्च १९७७, पॅसाडेना, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे डच-अमेरिकन जैवरसायनशास्त्रज्ञ होते. वनस्पतींची वाढ घडवणारी संप्रेरके आणि फळाफुलांना वास देणारी द्रव्ये हे त्यांच्या अभ्यासाचे मूळ विषय होत. जगाला मात्र त्यांची ओळख आहे ती लॉस एंजेलिसवर पसरणाऱ्या धुरक्याचे रासायनिक स्वरूप उलगडणारे संशोधक म्हणून. एंजिनातून न जळता बाहेर पडणारे आणि इंधनटाकीतून उडून जाणारे पेट्रोल सूर्यप्रकाशात ओझोनला जन्म देते, हे त्यांनी प्रयोगाने दाखवून दिले. मोटारगाडीच्या टाकीतील बाष्प उघड्या हवेत न सोडता कोळशाच्या डब्यात धरून ठेवावे आणि नंतर एंजिनातच जाळावे, ही आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत त्यांच्या या शोधातून निघालेल्या कायद्यांमुळे अस्तित्वात आली. हवेच्या प्रदूषणाच्या शास्त्रशुद्ध नियंत्रणाचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो.

जन्म आणि शिक्षण

हागेन-स्मिट यांचे वडील उट्रेख्त येथील शाही टांकसाळीत रसायनतज्ज्ञ होते. आरी यांचे सर्व उच्च शिक्षण उट्रेख्त विद्यापीठातच झाले. १९२९ साली त्यांनी तेथून डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय टर्पीन वर्गातील संयुगे हा होता. चीड आणि देवदार यांसारख्या झाडांचा चीक, लिंबाची साल, सुवासिक तेले यांचा वास प्रामुख्याने या वर्गातील संयुगांमुळे येतो. ही द्रव्ये सहज उडून जाणारी असतात आणि वनस्पतीत त्यांचे प्रमाण अत्यल्प असते. त्यामुळे ती गोळा करणे, एकमेकांपासून वेगळी करणे आणि ओळखणे यासाठी विलक्षण चिकाटी लागते. पुढे वीस वर्षांनी हीच सवय हागेन-स्मिट यांच्या कामी आली.

वनस्पतींची संप्रेरके

त्या काळी उट्रेख्त हे वनस्पतींच्या वाढीच्या अभ्यासाचे मोठे केंद्र होते. ओटच्या कोवळ्या कोंबाच्या टोकाकडून एक द्रव्य खाली उतरते आणि त्यामुळे कोंब वाढतो व प्रकाशाकडे वळतो, हे फ्रिट्स वेंट यांनी तेथेच सिद्ध केले होते. ते द्रव्य प्रत्यक्ष कोणते, हे शोधण्याचे काम फ्रिट्स क्योगल यांच्या प्रयोगशाळेने हाती घेतले. हागेन-स्मिट त्या गटातील प्रमुख सहकारी होते. कोंबातून हे द्रव्य पुरेशा प्रमाणात मिळणे अशक्य होते. मानवी मूत्रात मात्र ते तुलनेने विपुल असल्याचे आढळले. या मूत्रातून १९३४ साली इंडोल ॲसिटिक आम्ल वेगळे करण्यात गटाला यश आले. वनस्पतींतील सर्वांत महत्त्वाचे ऑक्सिन म्हणून हे आम्ल आजही पाठ्यपुस्तकांत असते. याच गटाने त्याआधी जाहीर केलेली 'ऑक्सिन अ' आणि 'ऑक्सिन ब' ही संयुगे मात्र इतर कोणालाही पुन्हा मिळाली नाहीत व कालांतराने ती विज्ञानातून बाद झाली. एकाच प्रयोगशाळेतून एक अस्सल आणि दोन फसवे शोध बाहेर पडावेत, ही विज्ञानाच्या इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे.

१९३६ मध्ये हागेन-स्मिट अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या पॅसाडेना येथील संस्थेच्या जीवशास्त्र विभागात ते रुजू झाले. कॅलटेक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत त्या वेळी नोबेल पारितोषिकाचे मानकरी थॉमस हंट मॉर्गन हे विभागप्रमुख होते आणि वेंटही तेथे आधीच पोहोचले होते. हागेन-स्मिट यांनी आपली उर्वरित कारकीर्द तेथेच घालवली व १९७१ मध्ये ते जैवकार्बनी रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले.

कॅलटेकमधील पहिल्या दशकात त्यांचे काम वनस्पतींभोवतीच फिरत राहिले. घेवड्याच्या शेंगेला इजा झाली की जखमेभोवतीच्या पेशी पुन्हा विभागू लागतात. ही क्रिया सुरू करणारे ट्रॉमॅटिक आम्ल त्यांनी जेम्स बॉनर व जेम्स इंग्लिश यांच्यासह १९३९ च्या सुमारास वेगळे केले. त्यानंतर ते फळांच्या स्वादाकडे वळले. अननसाला अननसाचा वास कशाने येतो, या प्रश्नावरील त्यांचे निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले. द्राक्षांवरही त्यांनी असेच काम केले. पद्धत ठरलेली होती. फळांच्या रसावरील हवा अतिशय थंड केलेल्या काचेच्या सापळ्यांतून ओढायची, गोठलेले थेंब जमवायचे आणि त्या थेंबांतील घटक एकेक करून ओळखायचे. हे काम शांत होते आणि त्यांच्या आवडीचे होते.

लॉस एंजेलिसचे धुरके

पॅसाडेना हे लॉस एंजेलिसच्या परिसरातील गाव. या परिसराच्या एका बाजूस पॅसिफिक महासागर आणि इतर बाजूंस डोंगर आहेत. समुद्रावरून येणारी थंड हवा खाली राहते आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर झाकणासारखा बसतो. त्यामुळे खालची हवा वर जाऊन विरळ होऊ शकत नाही. २६ जुलै १९४३ रोजी शहरावर असे दाट धुरके पसरले की लोकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, घसे खवखवू लागले आणि जवळचे रस्तेही दिसेनासे झाले. महायुद्ध ऐन भरात असल्याने जपानने विषारी वायू सोडला असावा, अशीही शंका अनेकांना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाइन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो काही काळ बंद ठेवण्यात आला, तरी धुरके येतच राहिले.

१९४७ मध्ये राज्याने कायदा केला आणि लॉस एंजेलिस जिल्ह्यासाठी हवा प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्या काळी हवेचे प्रदूषण म्हणजे कोळशाचा धूर आणि गंधकाचा वायू, असे समीकरण होते. लंडन, पिट्सबर्ग, सेंट लुइस या शहरांचा अनुभव तसाच होता. म्हणून मंडळाने कारखान्यांची धुराडी, ओतकामाच्या भट्ट्या आणि गंधकाचे वायू सोडणारे प्रकल्प यांवर बंधने घातली. घरोघरी अंगणात कचरा जाळण्याच्या भट्ट्या होत्या. त्यांवर पुढे १९५७ मध्ये बंदी आली. हवेतील काजळी कमी झाली, पण डोळ्यांची जळजळ कमी झाली नाही.

बारकाईने पाहणाऱ्यास काही विसंगती दिसत होत्या. लंडनचे धुरके हिवाळ्यात, थंड व दमट पहाटे येई. लॉस एंजेलिसचे धुरके लख्ख उन्हाच्या दिवशी, दुपारच्या सुमारास दाट होई. लंडनच्या हवेला जळलेल्या कोळशाचा वास होता. येथील वास कपडे विरंजित करण्याच्या द्रव्यासारखा होता. येथे मोटारींचे टायर आणि रबरी वस्तू अकाली तडकत. शेतातील पालक, बीट आणि लसूणघास यांच्या पानांची खालची बाजू चंदेरी होई व पाने वाळून जात. गंधकाच्या वायूने होणाऱ्या इजेपेक्षा ही इजा वेगळी होती.

अननसाच्या पद्धतीने हवेची तपासणी

पिकांच्या या नुकसानीमुळेच हागेन-स्मिट या प्रश्नाकडे ओढले गेले. मंडळाचे पहिले संचालक लुई मॅकेब आणि शास्त्रीय उपकरणांचे निर्माते आर्नल्ड बेकमन यांनी त्यांच्याकडे मदत मागितली. हागेन-स्मिट यांनी जी युक्ती अननसासाठी वापरली होती तीच पॅसाडेनाच्या हवेसाठी वापरली. प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेरची हजारो घनफूट हवा त्यांनी थंड सापळ्यांतून ओढली. पाणी वजा जाता हाती आले ते तपकिरी, उग्र वासाच्या द्रवाचे काही थेंब. त्यात गंधकाची संयुगे मुख्य नव्हती. त्यात आल्डिहाइडे, कार्बनी आम्ले आणि पेरॉक्साइडे होती, म्हणजेच हायड्रोकार्बनांचे अर्धवट ऑक्सिडीकरण झाल्यावर मिळणारे पदार्थ.

टर्पीनांवर उमेदीची वर्षे घालवलेल्या रसायनतज्ज्ञाला या थेंबांचा अर्थ लवकर कळला. हवेत कोठून तरी हायड्रोकार्बनांची बाष्पे येत होती आणि त्यांच्यावर एखादे प्रबळ ऑक्सिडीकारक द्रव्य क्रिया करत होते. दक्षिण कॅलिफोर्नियात हायड्रोकार्बनांचा स्रोत शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नव्हती. तेथे तेलविहिरी होत्या, शुद्धीकरण कारखाने होते आणि दाट मोटार वाहतूक होती. एंजिनाच्या धुरातून हायड्रोकार्बनांबरोबर नायट्रोजनची ऑक्साइडेही बाहेर पडतात. हागेन-स्मिट यांनी काचेच्या पात्रांत पेट्रोलची बाष्पे, नायट्रोजन डायऑक्साइड आणि हवा एकत्र करून त्यांवर सूर्यप्रकाश सोडला. पात्रात ओझोन तयार झाला, धुरक्याचा ओळखीचा वास आला आणि अशा हवेत ठेवलेल्या रोपांच्या पानांवर शेतातल्यासारखेच चंदेरी डाग पडले.

ओझोन मोजण्याची त्यांची एक साधी रीत प्रसिद्ध आहे. रबराची पट्टी वाकवून ठेवायची आणि तिला तडे जाण्यास किती वेळ लागतो ते पाहायचे. ओझोन जितका जास्त, तितके तडे लवकर. टायरांची तक्रार अशा रीतीने मोजमापाचे साधन झाली.

या क्रियेचा सारांश असा. सूर्यप्रकाशामुळे नायट्रोजन डायऑक्साइडच्या रेणूतून ऑक्सिजनचा एक अणू सुटतो. तो हवेतील ऑक्सिजनच्या रेणूशी जोडला जाऊन ओझोन बनतो. एरवी हा ओझोन उरलेल्या नायट्रिक ऑक्साइडशी संयोग पावून लगेच नाहीसा झाला असता. परंतु हवेत हायड्रोकार्बने असली की त्यांच्यापासून निर्माण होणारी क्रियाशील द्रव्ये नायट्रिक ऑक्साइडचे पुन्हा डायऑक्साइड करतात. ओझोन खर्च होत नाही आणि साठत जातो. म्हणजे धुरके कोणत्याही धुराड्यातून तयार स्थितीत बाहेर पडत नव्हते. ते शहरावरच्या हवेत, उन्हात, रोज नव्याने तयार होत होते. लॉस एंजेलिसच्या धुरक्याची रसायने आणि त्यांचा वनस्पतींवरील परिणाम यांविषयीचा त्यांचा महत्त्वाचा निबंध १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये कोळशाच्या धुरक्याने हजारो माणसे दगावली. प्रदूषणाचे दोन अगदी भिन्न प्रकार असे एकाच वर्षी जगापुढे आले.

विरोध

या निष्कर्षाचे स्वागत झाले नाही. तेल उद्योगाच्या संघटनेने स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेकडे धुरक्याच्या संशोधनाचे काम सोपवले होते. त्या संस्थेच्या संशोधकांनी हागेन-स्मिट यांचे म्हणणे सिद्ध झालेले नाही, अशी भूमिका घेतली. खुद्द कॅलटेकमध्ये येऊन एका वक्त्याने त्यांच्या निष्कर्षांवर टीका केली. हागेन-स्मिट तोवर आपल्या स्वादद्रव्यांकडे परतण्याच्या बेतात होते. या टीकेने ते दुखावले आणि धुरक्याचा विषय पूर्ण तडीस नेण्याचा त्यांनी निश्चय केला. संशोधक किती वेळा शुद्ध जिज्ञासेने आणि किती वेळा स्वाभिमानाला लागलेल्या ठेचेने पुढे जातो, हे सांगणे कठीण. येथे तरी दुसऱ्या कारणाचा वाटा लहान नव्हता.

मोटार उद्योगाची भूमिकाही प्रारंभी नकाराचीच होती. आपल्या गाड्यांचा धूर हवेत लगेच विरून जातो, असे त्यांच्याकडून सांगितले जाई. धूर विरतो हे खरेच होते. पण विरळ झालेली ती द्रव्ये नष्ट होत नव्हती, तर एकमेकांवर क्रिया करत होती, हा मुद्दा ध्यानात यायला वेळ लागला. इतरांनी केलेल्या स्वतंत्र प्रयोगांनीही उन्हात ओझोन तयार होतो हे दाखवले, तेव्हा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाद जवळजवळ मिटला. उद्योगाच्या वर्तनावरील संशय मात्र मिटला नाही. प्रदूषण नियंत्रणाची साधने बाजारात येण्यास संगनमताने उशीर लावल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या न्याय खात्याने जानेवारी १९६९ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेवर दावा दाखल केला. तो त्याच वर्षी तडजोडीच्या हुकूमनाम्याने निकालात निघाला.

इंधनटाकीतील बाष्पाचा प्रश्न

हागेन-स्मिट यांच्या संशोधनाने ज्या गोष्टींकडे पाहण्याची दृष्टी बदलली, त्यांत मोटारीची इंधनटाकी ही एक आहे. पेट्रोलची टाकी पूर्ण बंद ठेवता येत नाही. एंजिन पेट्रोल ओढू लागले की टाकीत पोकळी निर्माण होते. तेथे बाहेरची हवा शिरली नाही तर पेट्रोलचा पुरवठा अडतो आणि पातळ पत्र्याची टाकी आत दबू शकते. उलट उन्हात गाडी उभी राहिली की पेट्रोल तापते, बाष्पाचा दाब वाढतो आणि त्याला वाट द्यावी लागते. म्हणजे टाकी दिवसा उच्छ्वास सोडते आणि रात्री थंड होताना श्वास घेते. जुन्या गाड्यांत यासाठी टाकीच्या झाकणाला बारीक भोक असे किंवा एक उघडी नळी बाहेर काढलेली असे.

त्या काळच्या यंत्रज्ञांना या बाष्पाचा एकच धोका ठाऊक होता, तो आगीचा. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असते. ते खाली उतरून गॅरेजच्या जमिनीवर, दुरुस्तीच्या खड्ड्यात किंवा तळघरात साचते. हवेत त्याचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असले की एक ठिणगी पुरते. यावर उपाय म्हणून नळी एंजिनाच्या तप्त धूरनळीपासून आणि विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्या जागी नेत असत. बाष्प मोकळ्या हवेत गेले, पातळ झाले आणि पेटण्याच्या मर्यादेखाली उतरले की ते निर्धोक झाले, असे मानले जाई. आगीपुरता विचार केला तर हे चूक नव्हते. परंतु ज्या मोकळ्या हवेवर सारी भिस्त होती तीच एक मोठे रासायनिक पात्र आहे, हे हागेन-स्मिट यांच्या काचेच्या पात्रांनी दाखवून दिले. एकेका टाकीतून उडणारे पेट्रोल थोडे असले, तरी लाखो टाक्या एकाच दरीत रोज उन्हात तापत होत्या.

नियंत्रण नसलेल्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी ढोबळमानाने तीन पंचमांश एंजिनाच्या धुरातून, एक पंचमांश एंजिनाच्या क्रँककेसमधून आणि एक पंचमांश टाकी व कार्ब्युरेटर यांतील बाष्पीभवनातून येत. क्रँककेसमधील वायू पुन्हा एंजिनात नेण्याची झडप सर्वांत स्वस्त होती. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या गाड्यांवर ती १९६१ च्या मॉडेलांपासून बसवली गेली. बाष्पीभवनाची पाळी नंतर आली. कॅलिफोर्नियाने १९७० च्या आणि संघराज्याने १९७१ च्या मॉडेलांपासून टाकी व कार्ब्युरेटर यांच्या बाष्पावर मर्यादा घातली.

ही मर्यादा पाळण्यासाठी काही उत्पादकांनी सुरुवातीला बाष्प क्रँककेसमध्ये साठवून पाहिले. टिकला तो कोळशाचा उपाय. टाकीवरून निघालेली नळी सक्रियित कोळसा भरलेल्या एका डब्यात नेलेली असते. याला कॅनिस्टर म्हणतात. सक्रियित कोळशाच्या कणांत असंख्य सूक्ष्म छिद्रे असल्याने त्यांचे अंतर्गत पृष्ठफळ प्रचंड असते आणि पेट्रोलचे बाष्प तेथे चिकटून राहते. टाकीतील हवा तेवढी गाळून बाहेर जाते. गाडी सुरू असताना एक झडप उघडते. एंजिनाच्या शोषणनलिकेतील ओढीमुळे ताजी हवा उलट दिशेने डब्यातून वाहते, चिकटलेले बाष्प सोडवून एंजिनात नेते आणि ते इंधन म्हणून जळते. त्यामुळे कोळसा पुढच्या वेळेसाठी मोकळा होतो. गाडी कलंडल्यास द्रव पेट्रोल नळीत उतरू नये म्हणून टाकीवर वेगळी झडप असते, आणि डब्याची वाट तुंबलीच तर दाब किंवा पोकळी धोक्याची पातळी गाठण्याआधी मोकळी व्हावी अशी सोय झाकणात ठेवलेली असते. आगीपासूनची सुरक्षितता आणि हवेची शुद्धता या दोन गोष्टी अशा एकाच मांडणीत साधल्या गेल्या.

पेट्रोल भरताना पंपाची तोटी आपोआप बंद झाल्यावरही आणखी थोडे भरण्याची सवय या मांडणीला घातक ठरते. टाकीत बाष्पासाठी ठेवलेली जागा भरून जाते, द्रव पेट्रोल कोळशात उतरते आणि भिजलेला कोळसा बाष्प धरू शकत नाही.

मोजण्याची पद्धतही बदलत गेली. आरंभी गाडीच्या ठरावीक उघड्या नळ्यांना कोळशाचे सापळे जोडून त्यांचे वजन किती वाढले ते पाहत. पण बाष्प सांध्यांतून, रबरी नळ्यांच्या भिंतींतून आणि इतर अनपेक्षित वाटांनीही निसटते, ते या मोजणीत येत नसे. म्हणून संपूर्ण गाडी हवाबंद खोलीत उभी करून त्या खोलीतील हायड्रोकार्बने मोजण्याची चाचणी पुढे आली व १९७८ च्या मॉडेलांपासून ती अमेरिकेत बंधनकारक झाली. त्या वेळी प्रत्येक चाचणीस ६ ग्रॅमची मर्यादा होती. १९८१ मध्ये ती २ ग्रॅमवर आली. गाडीत पेट्रोल भरताना टाकीतून ढकलले जाणारे बाष्पही गाडीतल्याच डब्यात धरण्याची सक्ती अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलांपासून टप्प्याटप्प्याने लागू झाली.

भारतात भारत स्टेज मानकांनुसार पेट्रोल मोटारींसाठी बाष्पीभवनाची मर्यादा प्रत्येक चाचणीस २ ग्रॅम अशी आहे. भारत स्टेज-४ मध्ये दुचाकीही या नियमाखाली आल्या आणि १ एप्रिल २०१७ पासून तो देशभर लागू झाला. त्यामुळे अलीकडच्या स्कूटर व मोटारसायकलींवरही छोटा कॅनिस्टर बसवलेला आढळतो. अशा हवाबंद खोलीतील चाचण्यांची सोय पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेतही आहे.

शासकीय कार्य

संशोधन पूर्ण झाल्यावर ते धोरण ठरवणाऱ्यांच्या स्वाधीन करून बाजूला होणे हागेन-स्मिट यांना शक्य होते. त्यांनी तसे केले नाही. १९६० मध्ये कॅलिफोर्नियात मोटार वाहन प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले, तेव्हापासून ते त्याचे सदस्य होते. बाजारात येऊ पाहणारी साधने तपासून मान्यता देणे हे या मंडळाचे काम. १९६७ च्या कायद्याने या आणि दुसऱ्या एका राज्य संस्थेचे मिळून कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड तयार झाले आणि राज्यपाल रोनाल्ड रेगन यांनी १९६८ मध्ये हागेन-स्मिट यांना त्याचे पहिले अध्यक्ष नेमले. त्याच सुमारास संघराज्याच्या कायद्याने कॅलिफोर्नियाला स्वतःची अधिक कडक मानके ठरवण्याची मुभा दिली होती. मोटारींची एवढी मोठी बाजारपेठ सोडून देणे कोणत्याही उत्पादकाला परवडणारे नव्हते. त्यामुळे या एका राज्याचे नियम हळूहळू इतरत्रही पसरले. बाष्पीभवनाचा नियम कॅलिफोर्नियात एक वर्ष आधी आणि देशात एक वर्ष नंतर लागू झाला, तो याच क्रमाने.

अध्यक्षपदाच्या काळात त्यांना दोन्ही बाजूंची टीका सोसावी लागली. उत्पादकांना ते कठोर वाटत; पर्यावरणवादी कार्यकर्त्यांना ते सौम्य वाटत. हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे या दोहोंवर एकाच वेळी नियंत्रण ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड होते, कारण एंजिनात इंधन अधिक पूर्णपणे जाळण्याचे काही उपाय नायट्रोजनची ऑक्साइडे वाढवतात. हा पेच त्यांच्या कार्यकाळात पुरता सुटला नाही. १९७३ पर्यंत ते या पदावर होते. उत्प्रेरक परिवर्तक बसवलेल्या गाड्या १९७५ च्या मॉडेलांपासून रस्त्यावर आल्या, त्या वेळी ते पदावर नव्हते.

सन्मान आणि अखेरची वर्षे

सुगंधी तेलांवरील कामासाठी अमेरिकन केमिकल सोसायटीने त्यांना १९५० मध्ये फ्रिट्शे पारितोषिक दिले. हा त्यांच्या धुरक्यापूर्वीच्या आयुष्याचा सन्मान होय. १९७१ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. १९७३ सालचे राष्ट्रीय विज्ञान पदक त्यांना मिळाले. पर्यावरणविषयक कार्यासाठी दिले जाणारे टायलर पारितोषिक १९७४ मध्ये प्रथमच देण्यात आले, तेव्हा जी. एव्हलिन हचिन्सन व मॉरिस स्ट्राँग यांच्यासह हागेन-स्मिट हे त्याचे मानकरी होते.

१७ मार्च १९७७ रोजी पॅसाडेना येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एअर रिसोर्सेस बोर्डाच्या एल मॉन्टी येथील वाहन चाचणी प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. गाड्यांची धूर आणि बाष्पीभवनाची तपासणी तेथे अनेक दशके चालली. २०२१ मध्ये हे काम रिव्हरसाइड येथील नव्या संकुलात हलवण्यात आले. हवेच्या शुद्धतेसाठी काम करणाऱ्या व्यक्तींना बोर्डातर्फे २००१ पासून हागेन-स्मिट यांच्या नावाने पुरस्कार दिले जातात.